चित्र मधनं चिरतंय

भूपालअण्णा चौगुल्यांची पाठ मी आधी पाहिली, चेहरा बराच नंतर. सांगलीतल्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. ओळख झाल्यावरही पहिले दोन महिने मला दिसायची ती घामाने अंगाला चिकटलेला खाकी सदरा, मानेवर टाकलेला पंचा आणि जरा पुढे झुकलेले खांदे. सिनेमा दाखवायच्या यंत्राशेजारी भिंतीला एक लहान चौकोनी खिडकी होती. तिच्यातून ते पडद्याकडे बघत उभे असत आणि माझ्याशी बोलायचे तेही तिकडेच तोंड करून.

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. मध्यंतराच्या आधी पडद्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती दाखवायचे, त्यांच्या काचेच्या स्लाइड मी घरी रंगवून द्यायचो. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. पहिली स्लाइड घेऊन गेलो ती जाहिरातीची नव्हतीच. आत विडी-सिगारेट ओढू नये, एवढाच मजकूर होता. अण्णांनी ती काच दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि लगेच परत दिली.

"मास्तर, वळ उजवीकडं उतरलीया."

मी खिशातली पट्टी काढून लावली. ओळ खरंच उतरली होती, पण केसभर. केसभराने काय होतंय, असं मी म्हणालो.

"काचंवर क्येस, पडद्यावर ईत," अण्णा म्हणाले. "लोकास्नी कळनार न्हाई. पर मला हितं रोज तीन येळंला हुबं ऱ्हाऊन बगायचं हाय न्हवं?"

मी ती पुसून पुन्हा रंगवली. पुढची तीन-चार वर्षं त्यांच्यासाठी म्हणून पट्टी लावूनच लिहीत राहिलो.

चेहरा पाहिला तो एकदा ते जेवायला बसले असताना. अण्णा जैन. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. त्यामुळे तीनचा खेळ सुटला की सहाचा लागायच्या आत केबिनमध्येच एका उलट्या डब्यावर बसून ते डबा उघडत. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, दह्याची वाटी. चेहऱ्यावर देवीचे वण होते. सातव्या वर्षी देवी आल्या त्यात डावा डोळा गेला होता. तो पांढरा पडला होता. उजवा मात्र असा होता की समोरच्या माणसाला आपली टोपी वाकडी तर नाही ना, असं वाटायचं. एकदा आमच्या घरी आले तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. आई म्हणाली, "पाहुण्यांनी बसावं की जरा." ते कॅलेंडर पुन्हा एकदा सरळ करून बसले.

गंमत अशी की या माणसाने हजारो खेळ केले आणि एकही सिनेमा पाहिला नव्हता. म्हणजे त्यांची नजर पडद्यावरच असायची, पण ती चौकटीच्या कडांवर, अक्षरांवर, माणूस चालताना त्याच्या मागच्या खांबावर. कसा आहे पिच्चर, असं विचारलं तर म्हणायचे, "बरा हाय. सातव्या रिळात लय वरबाडलाय." कोण कोणाचा भाऊ निघतो, शेवटी कोण मरतं, याची त्यांना दाद नसायची. त्यांची बायको जिवंत असताना म्हणे एकदा शेजारणींनी तिला सिनेमाची गोष्ट विचारली. तिने घरी येऊन अण्णांना विचारली. अण्णा पुष्कळ विचार करून म्हणाले, "एक पांढरा बंगला हाय. त्याच्या जिन्याच्या कडा चांगल्या दिसत्यात."

आणि तरीही लोकांशी त्यांचं इमान मोठं होतं. एकदा दुपारच्या खेळाला चौथं आणि पाचवं रीळ उलटसुलट लागलं. चूक दुसरा ऑपरेटर शंकर याची होती. लोकांना काही कळलं नाही, ते खुशीत बाहेर पडत होते. अण्णा खाली येऊन दरवाजात उभे राहिले आणि प्रत्येकाला हात जोडून सांगू लागले, "चवथं आनि पाचवं रीळ उलटं लागलं. माफी असावी." लोक त्यांच्याकडे बघत पुढे जात होते. बुधगावचा एक शेतकरी मात्र थांबला.

"मंजी ती बाई मेल्यावर गानं म्हनली ती त्यामुळं व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं हिरोचं सपान आसंल," तो म्हणाला. जरा विचार करून पुढे म्हणाला, "तसंच ऱ्हाऊ द्या. चांगलं वाटलं."

अण्णांना ते आवडलं नाही. दोन दिवस ते शंकरशी बोलले नाहीत.

त्यांच्या कामात मी ओढला गेलो तो अक्षरांना शेपटी फुटली तेव्हा. सिनेमाच्या सुरुवातीला काळ्यावर पांढरी नावं येतात, त्या प्रत्येक अक्षराच्या वर पांढरी पुसट धार दिसायला लागली होती, ओल्या रंगावर बाही लागावी तशी. मला ती दाखवल्यावर दिसली. मालकांना दाखवूनही दिसली नाही. कोल्हापूरहून मेकॅनिक आला, त्याने तेल घातलं, चहा घेतला आणि मशीन ठणठणीत असल्याचं सांगून गेला.

तेव्हा अण्णांनी मला यंत्र उघडून समजावलं. फिल्म सलग धावत नाही. एक चित्र क्षणभर थांबतं, मग खटकन खाली ओढलं जातं, पुढचं येऊन थांबतं. ओढलं जाताना दिव्यासमोर पत्र्याची एक पाती फिरून उजेड अडवते, म्हणून ते सरकणं आपल्याला दिसत नाही. थांबणं आणि पाती यांचा मेळ जरा चुकला, की सरकत्या चित्रावर उजेड पडतो.

"माप ठीक हाय, येळ चुकलीया," अण्णा म्हणाले. "पाती सरकलीया कुटंतरी."

एका सकाळी, खेळ नसताना, त्यांनी फिल्मचा काळा तुकडा घेतला आणि टाचणीने त्यावर, प्रत्येक चित्रात एक, अशा आडव्या रेघा ओरखडल्या. दोन्ही टोकं जोडून तो तुकडा यंत्रात गोल फिरत ठेवला. पडद्यावर एकच पांढरी रेघ दिसू लागली, वर शेपटी घेऊन. मला त्यांनी पडद्यापाशी उभं केलं. ते वर स्क्रू ढिला करून पाती केसभर फिरवत, यंत्र चालू करत आणि खिडकीतून विचारत, "आता?" मी रिकाम्या खुर्च्यांवरून ओरडून सांगायचो, वर कमी झाली, आता खाली आली, आता पुन्हा वर. असं दीडेक तास चाललं. शेवटी रेघ कोरल्यासारखी स्वच्छ उभी राहिली. अण्णा खाली आले, पडद्याला नाक लावून त्यांनी ती पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"तुमची नजर खरी हाय, मास्तर. मला एकच डोळा. आजपासनं दुसरा तुमचा."

दुपारच्या खेळाला नावं आली. काळ्यावर पांढरी, धारदार. साताठशे माणसं बसली होती. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. अण्णा मात्र त्या दिवशी खिडकीपाशी उभे राहून हसत होते. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं आहे.

त्यानंतर वर्षभराने, उन्हाळ्याच्या शेवटी, मी स्लाइड द्यायला गेलो तर ते म्हणाले, "मास्तर, चित्र मधनं चिरतंय."

मी खिडकीतून पाहिलं. कुणीतरी घोड्यावरून चाललं होतं.

"चिरतंय म्हणजे?"

"वरचा भाग म्होरं जातोय, खालचा मागं ऱ्हातोय. मधी तिरपी चीर. तो खांब बगा, मधी मोडलाय."

खांब सरळ होता. पण चित्र हलतं होतं, उन्हातून आत आल्यामुळे माझे डोळे दिपलेले होते, आणि सांगणारे अण्णा होते. मला इतक्यात काही कळत नाही, असं मी म्हणालो.

त्यांनी आधी प्रिंटवर संशय घेतला. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा आला, चीर तशीच. मग शेजारच्या वखारीतल्या हळदीवर. वखारीत चकाकी आणायला हळद पिंपात फिरवू लागले की पिवळी धूळ आमच्या केबिनपर्यंत यायची, ती फिल्मच्या वाटेत साचत असेल म्हणून अण्णांनी एक खिडकी कागद चिकटवून बंद केली. उकाड्याने शंकर बेजार झाला. चीर गेली नाही. मग विजेचा दाब. मग पडदा. पडद्याचं कापड पट्ट्या जोडून शिवलेलं होतं. अण्णांनी बांबूची शिडी लावून सगळी शिवण हाताने चाचपून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवण नीट होती. मी खाली शिडी धरून उभा होतो. ते उतरले तेव्हा त्यांचे तळवे काळे झाले होते.

"पडद्यात न्हाई," ते म्हणाले. "मशीनीतच हाय."

पुढच्या रविवारी दुपारचा खेळ भरलेला असताना त्यांनी यंत्र थांबवलं. दिवे लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. मी त्या दिवशी खेळाला आलो होतो. वर धावलो तर अण्णा यंत्राची बाजू उघडून आत हात घालत होते आणि शंकर बाजूला उभा होता. मालक माझ्या मागोमाग जिना चढून आले. बरे गृहस्थ होते, कुणाला टाकून बोलत नसत.

"अण्णा, काय झालं?"

"चिरतंय. आसलं दाखवायचं न्हाई लोकास्नी."

"आवं, तिकीट काढून आलेला एक मानूस आजवर बोलला न्हाई. मला दिसत न्हाई, शंकरला दिसत न्हाई. तुमास्नीच दिसतंय."

"बसल्याल्याला दिसत न्हाई."

"मी हुबा हाय की आता." मालकांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अण्णा, तुमचं वय झालं. चार दिस लेकीकडं जाऊन या. डोस्कं शांत हुईल."

डोकं हा शब्द अण्णांनी ऐकला. त्यांनी यंत्राचं दार लावलं आणि शंकरला खूण केली. खेळ पुढे सुरू झाला. अण्णा त्या दिवशी खिडकीपाशी गेले नाहीत. उलट्या डब्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निरोप आला, मधल्या सुट्टीत येऊन जा. मी गेलो. थिएटर रिकामं होतं. अण्णांनी तोच ओरखडलेला तुकडा यंत्रात लावला होता. पडद्यावर पांढरी आडवी रेघ होती. अण्णा शंकरला यंत्रापाशी ठेवून खाली माझ्याजवळ आले.

"सांगा मास्तर. मधी चिरल्याली दिसती का न्हाई? डाव्या अंगाचा तुकडा वर, उजव्या अंगाचा खाली."

रेघ सरळ होती. मी कितीतरी वेळ पाहत होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती कुठेही मोडत नव्हती. अण्णा पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रात्रभर झोपले नसावेत. दाढी वाढली होती. कालचं मालकांचं बोलणं माझ्या कानात होतं, आणि त्यांच्याही.

"दिसतंय," मी म्हणालो. "थोडं."

अण्णांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मंजी मी खुळा न्हाई झालो."

"नाही हो, अण्णा. काहीतरीच काय."

मी शाळेत परत गेलो. पुढच्या तासाला मुलांना फुलदाणी काढायला दिली. एका म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेला एक शब्द, त्याने कुणाचं काय बिघडणार, असं मला खरंच वाटत होतं.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. अण्णांनी यंत्र तीनदा मोकळं केलं. मुंबईला पत्रं लिहून त्यांनी चित्र ओढणाऱ्या चाकाचा नवा सुटा भाग मागवला. मालक तयार झाले ते माझ्यामुळे. अण्णा त्यांना म्हणाले होते, मास्तरांना दिसतंय, ते चित्रकलेचे मास्तर आहेत. मालकांनी मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. तेवढं तर करावंच लागलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर अण्णा मला बोलावून विचारायचे, कमी झालं का. मी म्हणायचो, कमी वाटतंय. चार-आठ दिवस ते खुशीत असायचे. पुन्हा निरोप यायचा, परत वाढलं. आता चिरेच्या खाली सावली दिसती म्हणायचे, पाणी चढावं तशी. केबिनमध्ये अडीअडचणीला ठेवलेलं दुसरं यंत्र होतं, त्यांनी त्यावरही तोच तुकडा लावून पाहिला. तिथंही चीर, त्याच जागी.

हे मला सांगताना ते एकदा या यंत्राकडे, एकदा त्या यंत्राकडे बघत होते. दोन यंत्रं, दोन्ही वेगळ्या सालातली. एकच दोष दोन्हीत, एकाच जागी.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "मला एक स्लाइड करून द्या. अक्षर नगं. काळ्या काचंवर एक रेघ. आडवी."

स्लाइडच्या दिव्यात काही फिरत नाही. चाक नाही, पाती नाही. काच लावायची, उजेड सोडायचा, एवढंच. त्यांना काय हवं होतं ते तिथेच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी घरी जाऊन काच काळी केली, पट्टी लावली आणि सुईने रेघ काढली. कधी नव्हे इतकी काळजी घेऊन काढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अण्णांनी ती काच लावली. पडद्यावर रेघ आली. ते खिडकीपाशी गेले. मी त्यांच्या मागे उभा होतो, पुन्हा तीच पाठ माझ्यासमोर. ती जराही हलली नाही.

"रेघ सरळ काडलीया न्हवं?"

"हो."

"पट्टीनं?"

"पट्टीनं."

"तुमाला सरळ दिसती?"

"हो," मी म्हणालो.

अण्णांनी पुढे होऊन दिवा बंद केला. काच काढली, पंच्याने पुसली, माझ्या हातात दिली. मग यंत्राच्या अंगावरून एकदा हात फिरवला.

"मशीन बरुबर हाय," ते म्हणाले.

आम्ही त्याच दुपारी मिरजेला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बसवलं, मग आत नेऊन बराच वेळ तपासलं. मला आत बोलावलं.

"डोळ्यातला पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले.

"कुटला पडदा?" अण्णांनी विचारलं. त्यांना वाटलं डॉक्टर थिएटरबद्दल बोलतायत.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवलं. आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, चित्र त्याच्यावर उमटतं. त्याला आधी चीर पडते, मग तो हळूहळू भिंतीपासून सुटत जातो. अण्णांनी कागद नाकापाशी धरला. डॉक्टरांच्या त्या चित्रातली रेघही वाकडी होती, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"कधीपासून होतं?"

"पावसाच्या आदीपासनं."

"आणि आत्ता येताय? तेव्हा आला असता तर मुंबईला पाठवलं असतं, शस्त्रक्रियेने काही करता आलं असतं. आता तो पडदा चुरगळून गोळा झालाय. काही उरलं नाही त्यात." डॉक्टर चिडले नव्हते, थकले होते. "घरातली चौकट, दार, असं काही मोडलेलं दिसत नव्हतं का कधी?"

"दिसायचं," अण्णा म्हणाले. "मला वाटायचं, रोज बगून बगून डोळ्यात ऱ्हायलंय."

"मग कुणाला विचारलं नाहीत? दुसऱ्याला दिसतंय का, म्हणून?"

"इचारलं की. ह्या मास्तरास्नी दिसत हुतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. मी तो वाचत राहिलो. वरपासून खालपर्यंत, सगळ्या ओळी, मला स्वच्छ वाचता येत होत्या.

परतताना एस. टी.त अण्णा खिडकीशी बसले होते. विश्रामबाग आलं तेव्हा ते म्हणाले, "शंकरला पाती लावाय शिकवली पायजे. त्येला येळंचं कळत न्हाई." आणखी काही नाही.

महिनाभर त्यांनी शंकरला शिकवलं, हाताने चाचपून. नवा सुटा भाग लावलेलं यंत्र फार सुरेख चालत होतं, असं शंकर पुढे कितीतरी दिवस सांगायचा. मग डोळ्यापुढे नुसता करडा धूर उरला. लेक सुनंदा साताऱ्याहून आली आणि त्यांना घेऊन गेली. मी निरोपाला गेलो नाही. शाळेत परीक्षा चालू होत्या. पण तासाभरासाठी निघता आलं असतं.

दीड वर्ष मी पत्र टाकलं नाही. नंतर चित्रकलेच्या सरकारी परीक्षेवर मला साताऱ्याला पाठवलं. तीन दिवस मी ते घर टाळलं. चौथ्या दिवशी, परतीच्या गाडीला दोन तास असताना, गेलो.

अण्णा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माझ्या चपलांच्या आवाजाने त्यांनी मान वर केली. मी नाव सांगितलं.

"या, मास्तर. सुनंदा, च्या टाक गं. सांगलीचं मास्तर आल्यात."

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मालक, शंकर, हळदीचा भाव. उजेड-अंधार तेवढा अजून कळतो, म्हणाले. सकाळी ऊन ओट्यावर आलं की तोंडाला लागायच्या आधी त्यांना दिसतं. डोंगरामुळे इथे ऊन उशिरा येतं, अशी त्यांची तक्रार होती. सुनंदा चहा ठेवून आत गेली. मी कप हातात धरून बसलो आणि मग एकदम म्हणालो, "अण्णा, मला ती रेघ कधीच चिरलेली दिसली नव्हती."

त्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे वाटीत टाकले, टरफल खाली.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"काच लावली त्या दिशी. ती तुमास्नी सरळ दिसली. मग आदीची कशी चिरल्याली दिसंल?"

"मग मिरजेला डॉक्टरांसमोर तुम्ही..."

"तितं तुमाला खोटं पाडून काय डोळा येनार हुता?"

रस्त्यावरून सायकल गेली. अण्णांनी आणखी एक शेंग घेतली. ती किडकी निघाली असावी, त्यांनी दाणा बोटांत फिरवून बाजूला टाकला. मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. असं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि मी त्याच्यासाठीच आलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

"पर मास्तर," ते म्हणाले, "तवा तुमी न्हाई म्हनला असता तर लय बरं झालं असतं."

आवाजात राग नव्हता. ओळ उजवीकडे उतरली आहे, हे सांगितलं होतं तितक्याच सरळपणे सांगितलं. मी होय म्हणालो. चहा गार झाला होता, तो प्यायलो.

मी नको म्हणत असताना ते काठी घेऊन स्टँडपर्यंत आले. रस्ता पाठ होता, वाटेत दोघातिघांनी त्यांना हाक मारली. सांगलीची गाडी लागली होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. अण्णा माझ्या खिडकीपासून पाच-सहा हातांवर उभे होते, पश्चिमेकडे तोंड करून. ऊन सरळ चेहऱ्यावर येत होतं, आणि पापणी न हलवता ते त्याच्याकडे बघत होते. कंडक्टर अजून आला नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या पुढून मेढ्याची गाडी गेली. गाडीची सावली त्यांच्या तोंडावरून सरकली आणि पुन्हा ऊन पडलं. अण्णांनी हात वर केला. त्या गाडीच्या दिशेने तो बराच वेळ हलवत राहिले, तिचा आवाज बंद होईपर्यंत.

मी खिडकीत होतो. अण्णा म्हणून नुसती हाक मारली असती तरी ते वळले असते. मी गजाला हात लावून बसून राहिलो. त्यांनी हात खाली घेतला, पंच्याने तोंड पुसलं, काठीने फरशीची कड शोधली आणि घराकडे निघाले.

आमची गाडी त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुटली.